खातं मायनसमध्ये न्यायचा हक्क बँकेला दिला कुणी?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांब होणार आहे म्हणून मुख्य गोष्ट आधीच लिहून टाकते, म्हणजे कुणी अर्ध्यात सोडलं तरी तेवढं तरी हाती लागेल. बचत खात्यात किमान बॅलन्स नाही म्हणून बँक दंड लावू शकते, पण त्या दंडापायी खातं शून्याच्या खाली म्हणजे मायनसमध्ये नेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकात हे स्वच्छ सांगितलंय आणि १ एप्रिल २०१५ पासून ते लागू आहे. दहा वर्षं उलटून गेली त्याला. तरीसुद्धा आमच्या इंदुरात गरीब बायकांची खाती मायनसमध्ये जातात, मग त्यांच्या नावाने सरकारी पैसे आले की आधी बँक आपली वसुली करून घेते, आणि कुणी भांडत भांडत वरपर्यंत गेलंच तर तेवढ्या एकाचे पैसे परत देऊन विषय बंद केला जातो. माझी तक्रार या शेवटच्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई परदेशीपुऱ्यात राहतात. आधी त्या सांवेर रोडच्या एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. तिथे ठेकेदाराने सगळ्या बायकांची खाती एकगठ्ठा एका खासगी बँकेत उघडून घेतली होती, झिरो बॅलन्सवाली सॅलरी अकाउंट. काम सुटलं, पगार जमा होणं थांबलं, आणि काही महिन्यांनी बँकेने ते खातं आपोआप साध्या बचत खात्यात बदलून टाकलं, ज्यात महिन्याची सरासरी शिल्लक १०,००० रुपये ठेवावी लागते. महिन्याला चार घरच्या पोळ्या करणारी बाई दहा हजार रुपये नुसते पडून ठेवणार कुठून? पण आधार याच खात्याला जोडलेलं, त्यामुळे लाडली बहना योजनेचे, म्हणजे मध्य प्रदेश सरकार दर महिन्याला बायकांना देतं ते पैसे इथेच येणार. तेव्हा ते महिन्याला १,२५० होते. ताई एटीएमवर जायच्या, मशीन सांगायचं पैसे नाहीत, ताईंना वाटायचं या महिन्यात सरकारकडून आलेच नाहीत. आजूबाजूच्या बायकांना आले, मला नाही आले, माझं नाव कटलं असेल, असं म्हणून त्या झोनच्या ऑफिसात पण चौकशी करून आल्या. तिकडे सांगितलं की पैसे तर दर महिन्याला जातायत.

मी बरीच वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केली, आता रिटायर आहे, त्यामुळे म्हटलं आपण स्टेटमेंट तरी बघू. पासबुक होतं पण त्यात पहिल्या पानावर नाव-पत्ता सोडला तर एक एन्ट्री नव्हती. शाखेतून स्टेटमेंट काढून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसलो दोघी. सुरुवातीला शिल्लक २१२ रुपये. मग एक ओळ, किमान सरासरी शिल्लक न ठेवल्याचा चार्ज ५००, त्याच्या खाली जीएसटी ९०. शिल्लक उणे ३७८. पुढच्या महिन्यात परत ५०० आणि ९०, शिल्लक उणे ९६८. मग फ्रिजचा हप्ता बाउन्स झाल्याचा चार्ज, तो पण ५०० आणि ९०, शिल्लक उणे १,५५८. मग दहा तारखेला लाडली बहनाचे १,२५० जमा. शिल्लक उणे ३०८. म्हणजे पैसे आले त्याच क्षणी गेले, आणि वर ताई बँकेच्या ३०८ रुपये देणं लागतात असं झालं. पुढच्या पानांवर पण तेच. पैसे यायचे आणि बुडायचे. ताई नुसत्या त्या कागदाकडे बघत होत्या, मग त्यांनी विचारलं, वहिनी, मी तर बँकेकडून काहीच घेतलं नाही, मग मी देणं कशाचं लागते? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगते, अजूनही नाही.

हीच तर ओव्हरड्राफ्टची गोष्ट झाली ना, फक्त उलटी. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात आहेत त्यापेक्षा जास्त पैसे बँक आपल्याला वापरायला देते आणि त्यावर व्याज घेते. इथे ताईंनी एक रुपया जास्तीचा काढला नाही, बँकेने स्वतःचाच दंड वसूल करायला त्यांच्या नावावर उधारी उभी केली.

शाखेत गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सिस्टिम से कटता है आंटी, हमारे हाथ में नहीं है." त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्या हातात खरंच काही नसतं, टार्गेट तेवढं असतं. मॅनेजर बाई पण सौजन्याने बोलल्या, म्हणाल्या खातं आधी प्लसमध्ये आणा मग बंद करून देते. म्हणजे ताईंनी घरून पैसे आणून बँकेचा दंड भरायचा आणि मग सुटका. अशा वेळी लोक बहुतेक भरून टाकतात, कटकट नको म्हणून. मी ताईंना सांगितलं की एक पैसा भरायचा नाही आणि खातं पण आत्ता बंद करायचं नाही, आधी लेखी तक्रार.

आता तो नियम नीट सांगते, कारण बँकेत गेल्यावर "रिझर्व्ह बँकेचा काहीतरी नियम आहे म्हणे" असं मोघम बोललं तर कुणी ढुंकून बघत नाही, तारखेसकट बोललं की खुर्ची देतात. त्या परिपत्रकाप्रमाणे बँकेने आधी ग्राहकाला मेसेज, ईमेल किंवा पत्राने कळवायचं की तुमची शिल्लक कमी पडली आहे, आणि ती भरायला निदान एक महिना द्यायचा, त्यानंतरच दंड. दंड पण ठोक लावायचा नाही, जेवढी रक्कम कमी पडली तिच्या ठराविक टक्क्यात लावायचा. आणि तिसरं, जे मी वर लिहिलं, की निव्वळ या दंडामुळे बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये. दंड किती असावा याला मात्र रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातलेली नाही, बँकेच्या बोर्डाने ठरवायचं आणि ते वाजवी असावं, सेवेच्या खर्चाला धरून असावं, एवढंच म्हटलंय. खासगी बँकांचं साधारण गणित कमी पडलेल्या रकमेच्या अमुक टक्के किंवा ५००-६०० रुपये, यातलं जे कमी असेल ते, असं असतं. ज्याच्या खात्यात काहीच नाही त्याला मग दर वेळी वरचाच आकडा लागतो.

बँकेचं पहिलं उत्तर आलं की आम्ही वेळोवेळी मेसेज पाठवले आहेत. कुठल्या नंबरवर ते विचारलं तर खात्याला जोडलेला नंबर ताईंचा निघालाच नाही, खाती उघडताना ठेकेदाराच्या माणसाने जो नंबर भरला होता तोच चालू होता. आता यात कुणाचा किती दोष ते वादाचं आहे, बँक म्हणणार आम्हाला दिलेल्या नंबरवर आम्ही कळवलं. म्हणून मी त्या वादात फार शिरले नाही आणि माझा सल्ला पण तोच आहे, मेसेज मिळाला की नाही यावर भांडण चाललं तर ते कधी संपत नाही. मायनसचा मुद्दा तसा नाही. तिथे साक्षीपुरावा काही लागत नाही, बँकेचंच स्टेटमेंट, बँकेचाच आकडा, शिल्लक दंडाआधी २१२ आणि दंडानंतर उणे ३७८. त्या २१२ मध्ये जेवढं घेता येत होतं तेवढं घ्या, पुढचे ३७८ घ्यायचा हक्क कुठून आला ते दाखवा. मी प्रत्येक एन्ट्रीची तारीख, चार्ज, जीएसटी, आधीची शिल्लक आणि नंतरची शिल्लक असा एक तक्ता वहीच्या पानावर काढला आणि तक्रारीला जोडला. त्या तक्त्याने जे काम केलं ते माझ्या दोन पानी पत्राने केलं नाही.

हप्ता बाउन्स झाल्याचा चार्ज मात्र या नियमात बसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच आशेवर राहतील. तो परिपत्रकातला दंड फक्त किमान शिल्लकेपुरता आहे. फ्रिजचा हप्ता ज्या फायनान्स कंपनीचा होता तिने एकाच महिन्यात तोच हप्ता परत परत टाकून पाहिला, दर वेळी तो फिरला, दर वेळी बँकेने ५९० लावले, आणि तिकडे कंपनीने स्वतःचा बाउन्स चार्ज लावला तो वेगळा. हप्त्याच्या रकमेपेक्षा त्याचा दंड जास्त. पण इथेही बघा, हप्ता फिरला का, तर आलेले १,२५० आधीच बेकायदा दंडात गेले होते म्हणून. तेवढे खात्यात राहिले असते तर हप्ता गेला असता. म्हणून मी तक्रारीत मागणी केली की ज्या ज्या महिन्यात दंडाच्या वसुलीमुळे हप्ता फिरला त्या महिन्याचे बाउन्स चार्ज पण परत करा, कारण मूळ कारण तुमचं आहे. बँकेने यावर लिहिलं की चार्ज किती आणि कसा लावायचा हा आमचा व्यावसायिक निर्णय आहे. हे शब्द नीट लक्षात ठेवा, कारण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या, योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार घेतली जात नाही, आणि बँकांना ते पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे तक्रारीत "चार्ज फार जास्त आहे" असं लिहू नका, "चार्ज नियमाविरुद्ध लावला आहे" असं लिहा आणि कुठला नियम ते लिहा. कर्जाच्या बाजूला पण एक नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आलाय, की दंडाची रक्कम कर्जाच्या मुदलात मिळवून तिच्यावर परत व्याज लावायचं नाही. ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांनी फायनान्स कंपनीचं स्टेटमेंट पण मागवून बघावं.

शाखेला लेखी दिलं, पोच घेतली, मग बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, पाठवलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी ही एकच योजना आहे, फी काही नाही, वकील तर लागतच नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर ऑनलाइन करता येते आणि ज्यांना ते जमत नाही त्यांनी साध्या कागदावर लिहून चंदीगडला सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राला पोस्टाने पाठवली तरी चालते. १४४४८ हा त्यांचा टोल फ्री नंबर आहे, त्यावर मराठीतून पण माहिती देतात. फक्त बँकेकडे आधी तक्रार केल्याशिवाय थेट तिकडे जाऊ नका, पहिल्या फटक्यात परत येते. आणि बँकेचं उत्तर आलं की उशीर न करता जा, त्याला मुदत असते.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. लोकपालाकडे कागद गेले आणि थोड्याच दिवसांत बँकेतून ताईंना फोन आला, अगदी गोड आवाजात, की मॅडम तुमचे चार्ज आम्ही रिव्हर्स करतोय, एका कागदावर सही करून द्या. कागदावर काय, तर ग्राहकाशी असलेले संबंध लक्षात घेऊन, सदिच्छा म्हणून, फक्त एकदाच, विशेष बाब म्हणून ही रक्कम परत करत आहोत आणि ग्राहकाची यापुढे कुठलीही तक्रार नाही. आम्ही सही केली नाही. पैसे तरी जमा झाले, आधी फक्त मूळ चार्ज आले, मग परत लिहिल्यावर त्यावरचा जीएसटी आला, बाउन्सचे थोडे आले आणि थोडे नाहीच आले. आणि पैसे जमा झाल्यावर लोकपालाकडची तक्रार "निवारण झाले" म्हणून बंद झाली. ताईंना पैसे मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे, त्यांनी त्या पैशातून मुलीची शाळेची फी भरली. पण बँकेने नियम मोडला असं कुठेही कागदावर आलं नाही. कुणाचा आदेश नाही, ठपका नाही. कागदोपत्री बँकेने एका गरीब बाईवर मेहरबानी केली.

आणि त्याच कारखान्यातल्या बाकी बायका? त्याच दिवशी, त्याच शाखेत, त्याच ठेकेदाराने उघडलेली खाती, त्यांच्या खात्यातून पण तसेच पैसे गेले असणार ना? ज्या सिस्टिमने ताईंचे कापले तिनेच त्यांचे कापले. बँकेला ताईंच्या बाबतीत कळलं की हे बसत नाही, मग दुसऱ्या खात्यांची यादी काढायला तिला कुणी अडवलं होतं? किराणावाल्याचा काटा खोटा निघाला तर ज्या एका गिऱ्हाइकाने पकडलं त्याला दोनशे ग्रॅम साखर देऊन तो काटा तसाच चालू ठेवलेला आपण खपवून घेतो का? वजन-मापवाले येऊन काटाच जप्त करतात. बँकेच्या बाबतीत मात्र जो बोलतो त्याला परत आणि जो बोलत नाही त्याचे गेले, असं चाललंय, आणि बोलत नाहीत ते कोण तर ज्यांना स्टेटमेंट वाचता येत नाही, ज्यांचा मोबाईल नंबर दुसऱ्याचा लागलाय, ज्यांची दिवसाची मजुरी शाखेत बसून बुडते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये ओव्हरड्राफ्टच्या चार्जवरून मोठं रान पेटलं होतं. तिकडे खात्यातल्यापेक्षा थोडे जास्त पैसे गेले की बँका ठोक दंड लावायच्या, लोकांनी बँकांना पत्रं लिहून तो परत मागायला सुरुवात केली, आणि कितीतरी जणांना बँकांनी कोर्टात निकाल लागू न देता आधीच पैसे देऊन टाकले, म्हणजे अगदी आपल्यासारखंच, मागणाऱ्याला द्या पण निकाल नको. शेवटी २००७ मध्ये सगळ्यांच्या वतीने एकच केस उभी राहिली, ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग ही ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था एका बाजूला आणि सात बँका व एक बिल्डिंग सोसायटी (बँकेसारखीच, पण सभासदांची संस्था) दुसऱ्या बाजूला, आणि २५ नोव्हेंबर २००९ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने बँकांच्या बाजूने निकाल दिला. हे चार्ज म्हणजे सेवेच्या किमतीचाच भाग आहेत, तेव्हा ते जास्त आहेत की कमी याची तपासणी ग्राहकांच्या करारातल्या अन्यायकारक अटींविरुद्धच्या कायद्याखाली त्या संस्थेला करता येणार नाही, असं ठरलं. लाखो लोकांचे दावे तिथेच अडकले. मग पुढे दहा वर्षांनी तिथल्या नियामकानेच नियम बदलला आणि एप्रिल २०२० पासून असे ठोक दंड बंद करून फक्त वर्षाच्या दराने व्याज घ्यायचं असं केलं. मला यातून एवढंच दिसतं की त्यांच्याकडे नियम नव्हता म्हणून लोक हरले, आपल्याकडे नियम २०१५ पासून तयार आहे आणि तो चालवायला कुणी नाही.

रकमा काय लहान आहेत का? संसदेत जुलै २०२४ मध्ये सरकारने दिलेल्या उत्तराप्रमाणे २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक नाही म्हणून वसूल केलेली रक्कम साडेआठ हजार कोटींच्या आसपास होती. यात खासगी बँका नाहीतच. त्यातले किती रुपये खातं मायनसमध्ये नेऊन घेतले याचा हिशोब कुणीतरी मागायला हवा, तो आकडा वेगळा काढणं बँकांना एका दिवसाचं काम आहे.

आणि मागितलं की फरक पडतो, याचं उदाहरण आमच्याच माळव्यातलं आहे. इंदूरच्या जुन्या लोकांना स्टेट बँक ऑफ इंदूर आठवत असेल, होळकरांच्या काळात १९२० मध्ये सुरू झालेली आमची बँक, ती २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, त्यामुळे इथल्या घरोघरी स्टेट बँकेची खाती. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ पासून किमान शिल्लकेचा दंड परत सुरू केला आणि पहिल्या आठ महिन्यांतच त्यातून १,७७१ कोटी जमा झाल्याची बातमी आली तेव्हा देशभर गहजब झाला. त्यातच नीमचच्या एका आरटीआय कार्यकर्त्याने माहिती मागवली तर कळलं की जेमतेम दहा महिन्यांत ४१ लाखांच्या वर खाती शिल्लक नाही म्हणून बंद झाली होती. मार्च २०१८ मध्ये बँकेने दंड खूप कमी केला आणि मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरून तो काढूनच टाकला. २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तसंच केलं. म्हणजे हा दंड नसला तरी बँका चालतात हे दिसलंच. खासगी बँकांनी किमान शिल्लक किती ठेवावी हे त्यांचं त्यांनी ठरवावं असं रिझर्व्ह बँकेचं धोरण आहे, ते एकवेळ मान्य करू, पण मायनसचा नियम सगळ्यांना सारखाच आहे ना.

जी सिस्टिम दंड, त्यावर जीएसटी, तो पण केंद्राचा आणि राज्याचा वेगवेगळा, असं सगळं पैशापर्यंत बिनचूक काढते, तिला शून्य आलं की थांब एवढं शिकवणं अवघड नाही. ते शिकवलं जात नाही कारण न शिकवल्याने काही बिघडत नाही. म्हणून माझी मागणी अशी आहे की अशी एक तक्रार खरी निघाली की त्या बँकेने तशा सगळ्या खात्यांची यादी काढून, कुणी मागो न मागो, पैसे परत टाकावेत आणि लोकपालाला तसं लेखी कळवावं. आणि पैसे परत केले म्हणून तक्रार बंद करताना लोकपालाने नियम मोडला होता की नाही याचं एक वाक्य तरी लिहावं. दुसरं म्हणजे पगार येणं बंद झालं की सॅलरी खातं महागड्या बचत खात्यात ढकलण्याआधी माणसाला विचारायला हवं. प्रत्येक बँकेत बेसिक बचत खातं असतं, त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड फुकट मिळतं, महिन्याला चार वेळा पैसे काढता येतात, आणि आधीपासून असलेलं बचत खातं पण अर्ज देऊन त्यात बदलून घेता येतं, फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. ताईंचं आता तसं करून घेतलंय आणि मोबाईल नंबर पण त्यांचा स्वतःचा लावून घेतला. ज्यांच्या घरी कामाला बायका येतात, ड्रायव्हर आहे, वॉचमन आहे, त्यांनी एकदा विचारून बघा की बाई तुझं खातं कुठे आहे, स्टेटमेंट आण बघू. अर्ध्या तासाचं काम आहे. जुनं खातं दोन वर्षं वापरलंच नसेल तर ते निष्क्रिय धरलं जातं आणि मग त्यावर किमान शिल्लकेचा दंड लावताच येत नाही, हे पण बघून घ्या, तिथेही कापलेले सापडतात.

मध्य प्रदेशात आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत आणि आमच्या इथल्या पेपरात अशा पत्रांना जागा चार ओळींची मिळते, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही तो २०१५ चा नियम चौकटीत ठळक छापलात तर लोक ते कात्रण घेऊन शाखेत जातील, मॅनेजरसमोर ठेवायला काहीतरी हातात लागेल. तुमच्या वार्ताहरांनी खासगी बँकांना हा एक प्रश्न लेखी विचारावा, की तुमच्याकडे आज किती बचत खाती निव्वळ चार्जमुळे मायनसमध्ये आहेत.

ताईंच्या बरोबर पॅकिंगला होत्या त्यातल्या काही बायकांची स्टेटमेंट्स या आठवड्यात आमच्याकडे आली आहेत. सगळ्यांची मायनसमध्ये गेलेली आहेत, एकीचे तर आईच्या आजारपणासाठी भावाने पाठवलेले पैसे पण त्यात गेले. त्यांचे तक्ते काढणं चालू आहे, अर्ज सोमवारी शाखेत देणार आहोत, प्रत्येकीचा वेगळा, पोच घेऊन. आणि प्रत्येक अर्जाच्या शेवटी आम्ही लिहिलंय की ही रक्कम सदिच्छा म्हणून नको, नियम मोडून घेतली म्हणून परत करा आणि तसं लेखी द्या.

आपली नम्र,
एक वाचक, टिळकनगर, इंदूर